मॅग्नेशियम ऑक्साइड तयार होतं, पण रिअ‍ॅक्शन पुढे सरकत नाही? या चुका टाळा

नोव्हेनागेल रिअ‍ॅक्शनसाठी (बेसच्या मदतीने बेन्झाल्डिहाइडसारखं अल्डिहाइड दुसऱ्या रेणूशी जोडणारी रिअ‍ॅक्शन) कॅटॅलिस्ट म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइड बनवलं. पांढरी भुकटी मिळाली, एक्सआरडीचे (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारी चाचणी) पीक जुळले, तरी टीएलसीवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांनी वेगळे दाखवणारी पट्टी) बेन्झाल्डिहाइडचा ठिपका तसाच राहतो. मुंबईत, त्यातही जून ते सप्टेंबर, असं झालं तर बहुतेक वेळा सिंथेसिसमध्ये फार बिघडलेलं नसतं. भट्टीतून काढल्यानंतर भुकटी हवेत राहिलेली असते. तिथवर पोचण्याआधीही दोन-तीन जागी घसरायला होतं, म्हणून क्रमाने बघू.

वजनापासून सुरुवात करा. मॅग्नेशियम नायट्रेट हेक्साहायड्रेट दमट हवेत पाणी ओढतं. बाटलीत गठ्ठे झाले असतील तर २५.६४ ग्रॅम मोजूनही ०.१ मोल भरत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या पाण्यासोबत कार्बन डायऑक्साइडही घेतात. अशा गोळ्या वापरल्या तर तयार होणाऱ्या मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडमध्ये कार्बोनेट मिसळतं. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेलं रसायन लहान बाटल्यांत भरून ठेवा आणि एका वेळी एकच बाटली उघडा.

नायट्रेट २०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून ६० अंश सेल्सिअसला ढवळत ठेवा. त्यात २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा. साधारण १०० मिली लागेल, पण आकड्यावर थांबू नका. पीएच १०.५ वर स्थिर झाला की थांबा. अल्कली एकदम ओतली तर खळीसारखा चिकट साका बनतो, बुकनर फनेल (व्हॅक्यूमने गाळायचं नरसाळं) तुंबतं आणि धुणं अर्धवट सोडलं जातं. थेंबाथेंबाने घालून नंतर दोन तास तसंच ढवळू दिलं की कण वाढतात आणि गाळणं सोपं जातं. सोडियम नको म्हणून अमोनिया वापरणाऱ्यांचं उत्पादन कमी येतं, कारण तयार होणारे अमोनियम आयन पीएच वर जाऊ देत नाहीत आणि बरंचसं मॅग्नेशियम गाळलेल्या पाण्यातच राहतं.

धुण्यात कंजूषी नको. मागे राहिलेलं सोडियम नायट्रेट ३०८ अंशांना वितळतं आणि भट्टीत कणांना एकमेकांशी चिकटवतं. फसवणूक पुढे होते. उरलेलं सोडियम स्वतःच बेसचं काम करतं, त्यामुळे पहिल्या फेरीत यील्ड छान दिसतं आणि तीच भुकटी पुन्हा वापरली की दुसऱ्या फेरीत कोसळतं. धुतलेल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी दोन धुण्यांमध्ये बदलेनाशी होईपर्यंत धुवा. नायट्रेटऐवजी मॅग्नेशियम क्लोराइडपासून सुरुवात केली असेल तर सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने पांढरं येत नाही ना, ते पाहा.

११० अंशांना रात्रभर वाळवा. मग मिनिटाला ५ अंश या वेगाने ५०० अंशांपर्यंत नेऊन तीन तास ठेवा. क्रुसिबल गच्च भरू नका, अर्ध्या सेंटिमीटरचा थर पुरे. जाड थरात सुटलेली वाफ अडकते, आणि वाफेत मॅग्नेशियम ऑक्साइडचं सिंटरिंग (कण एकमेकांत जुळून मोठे होणं) वेगाने होतं. 'जास्त तापवलं की जास्त शुद्ध' या समजुतीने ९०० अंशांना नेलेल्या भुकटीचे पीक टोकदार येतात, पण पृष्ठफळ गेलेलं असतं. कडांवरचे, कोपऱ्यांवरचे जे ऑक्साइड आयन प्रोटॉन ओढून घेतात, तेच कमी होतात. वजन तपासा: हायड्रॉक्साइडचं ऑक्साइड होताना ३०.९ टक्के घट होते. जास्त घट आली तर आधीच ओल किंवा कार्बोनेट होतं. कमी आली तर विघटन अपुरं आहे, नाहीतर न उडणारा क्षार उरला आहे.

आता मुख्य गोष्ट. ताजं मॅग्नेशियम ऑक्साइड उघडं राहिलं की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड नेमक्या सगळ्यात प्रबळ बेसिक जागांवर बसतात. डेसिकेटरमधली सिलिका जेल फक्त पाणी धरते. कार्बन डायऑक्साइडसाठी सोडा लाइम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवाव्याच लागतात. शंका आली तर चिमूटभर भुकटी थोड्या पाण्यात ओली करून, हवेचे बुडबुडे निघून गेल्यावर, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. चांगली भुकटी शांतपणे विरघळते. बारीक फेस उठला तर कार्बोनेट आहे. पण पृष्ठभागावरचा पातळ थर या चाचणीत कळत नाही. म्हणून वापरण्यापूर्वी नायट्रोजनमध्ये ४५० ते ५०० अंशांना एक-दोन तास तापवा आणि थंड झाल्यावर थेट फ्लास्कमध्ये टाका.

एवढं करूनही नोव्हेनागेल रिअ‍ॅक्शन मंद असेल तर बेन्झाल्डिहाइडची बाटली बघा. ते हवेत ऑक्सिडाइज होऊन बेन्झोइक आम्ल बनतं, आणि ते आम्ल कॅटॅलिस्ट खातं. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, वाळवून, कमी दाबाखाली डिस्टिल करून वापरा. बेन्झाल्डिहाइडशी जोडायला मॅलोनोनायट्राइल घेऊन कॅटॅलिस्टची परीक्षा करू नका, कारण ते इतकं तत्पर आहे की निकृष्ट भुकटीही पास होते. शिवाय ते विषारी आहे, हातमोजे आणि फ्यूम हूड हवेच. त्याच्या जागी इथाइल सायनोअ‍ॅसिटेट जास्त खरी परीक्षा घेतं. सोबत कॅटॅलिस्ट न घालता एक ब्लँक लावा. अर्धी रिअ‍ॅक्शन झाल्यावर मिश्रण गरम असतानाच गाळा. कॅटॅलिस्ट काढल्यावरही गाळलेलं द्रव पुढे सरकत राहिलं तर काहीतरी विरघळून बाहेर पडतंय. अशा वेळी धुण्याच्या पायरीकडे परत जा.