एसक्यूएल सर्व्हरचं सेटअप फेल झालं? फॉरमॅट मारू नका, लॉग वाचा

नवी मुंबईतलं महापे, रबाळे, तुर्भे आणि ठाण्याचं वागळे इस्टेट या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या सर्व्हरवर मी गेली चौदा वर्षं डेटाबेस बसवते. माझा फोन वाजतो तो बहुतेक वेळा सेटअप दोन-तीनदा फेल झाल्यावर. तोवर कुणीतरी अँटिव्हायरस काढून टाकलेला असतो, कुणीतरी फोल्डरला ‘एव्हरीवन फुल कंट्रोल’ (सगळ्यांना सगळे अधिकार) देऊन ठेवलेलं असतं आणि विंडोज फॉरमॅट करायचं जवळपास ठरलेलं असतं. नेमका एरर काय आला होता, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही, कारण ‘ओके’ दाबून मेसेज घालवलेला असतो.

इथे मी मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसबद्दल लिहितेय, कारण आपल्या भागात ईआरपीपासून (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) हजेरीच्या मशीनपर्यंत बऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात तोच असतो. आवृत्ती तुमच्या विंडोजवर चालते का हे तुम्ही पाहिलंय, लायसन्स हाताशी आहे आणि जुन्या डेटाचा बॅकअप घेतलाय, असं धरून चालते.

आयएसओ फाइल (अख्खं सेटअप जिच्यात असतं ती) घरून किंवा ऑफिसातून आधीच डाउनलोड करून न्या. एमआयडीसीतल्या कित्येक कंपन्यांत गेटवरच लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून घेतात, पेन ड्राइव्ह ठेवून घेतात आणि सर्व्हरला इंटरनेट नसतं, त्यामुळे फाइल आत कशी जाणार हे आदल्या दिवशीच त्यांच्या आयटीवाल्यांशी बोलून ठरवा. फाइल सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर कॉपी करा आणि तिथूनच माउंट करा, म्हणजे सीडीसारखी उघडा. नेटवर्क शेअरवरून सेटअप चालवू नका.

सेटअप सुरू केलं की ते आधी नियम तपासतं. तिथेच लाल फुली आली तर ती चांगली गोष्ट समजा. अजून काहीच बसलेलं नाही, म्हणजे काही बिघडलेलंही नाही. ‘रीस्टार्ट’चा नियम अडला तर मशीन रीस्टार्ट करा. दोनदा रीस्टार्ट करूनही तो हटत नसेल, तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) सेशन मॅनेजरखाली ‘पेंडिंग फाइल रीनेम ऑपरेशन्स’ नावाची नोंद उघडा. कुठल्या फाइल बदलायच्या राहिल्यात ते तिथे लिहिलेलं असतं. बऱ्याचदा प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरसचा अर्धवट अपडेट निघतो. तो अपडेट पूर्ण करा. ही नोंदच उडवा किंवा नियम वगळायचा स्विच लावा, असा सल्ला जागोजागी मिळतो. कामाच्या सर्व्हरवर तो मी कधीच पाळत नाही. अर्धवट अपडेट तसाच आत राहतो आणि पुढे कुठल्या तरी पॅचला आडवा येतो.

दुसरी नेहमीची फुली म्हणजे खात्याचे अधिकार. ‘मी तर अ‍ॅडमिन आहे’ एवढं इथे पुरत नाही. ज्या खात्याने सेटअप चालवता त्याला तीन हक्क लागतात: डीबग प्रोग्रॅम्स, बॅकअप फाइल्स अँड डिरेक्टरीज, आणि मॅनेज ऑडिटिंग अँड सिक्युरिटी लॉग. मोठ्या कंपन्यांत सिक्युरिटीची टीम डीबगचा हक्क ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या नियमांनी) सगळ्यांकडूनच काढून घेते. त्यात त्यांची चूक नाही, पासवर्ड चोरणारी साधनं नेमकी हाच हक्क वापरतात. सेटअपपुरता तो हक्क मागून घ्या, लॉग ऑफ करून परत लॉग इन व्हा आणि काम झाल्यावर परत काढायला सांगा. लॉग ऑफ केलं नाही तर हक्क मिळूनही मिळत नाही. याच पायरीवर माणसं तासभर डोकं धरून बसलेली मी पाहिली आहेत.

आता मुख्य भागाकडे येऊ. हिरवी पट्टी शेवटापर्यंत जाते, वाटतं झालंच, आणि तेवढ्यात मेसेज येतो: ‘वेट ऑन द डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल्ड.’

या एका वाक्याने माझा पूर्ण शनिवार-रविवार खाल्ला आहे. रबाळ्याच्या एका छोट्या कारखान्यात नवीन वर्कस्टेशनवर, विंडोज ११ वर, चाचणीसाठी डेटाबेस बसवायचा होता. पहिल्यांदा फेल झालं तेव्हा अनइन्स्टॉल करून पुन्हा बसवलं. तोच मेसेज. अँटिव्हायरस बंद केला. तोच मेसेज. रात्री नऊला मी विंडोज फॉरमॅट केलं, ड्रायव्हर टाकले, अपडेट केले, पुन्हा सेटअप चालवलं आणि शेवटच्या टप्प्यावर तेच वाक्य पुन्हा समोर. कारखान्याचे सुपरवायझर काका दोनदा चहा पाठवून शेवटी म्हणाले, “ताई, ठाण्याची गाडी चुकेल, उद्या या.” दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फॉरमॅट करायला घेणार होते. त्याआधी एक फाइल उघडली, जी आदल्या दिवशी दुपारीच उघडायला हवी होती.

हे वाक्य म्हणजे कारण नाही, हे आधी पक्कं लक्षात घ्या. फाइल कॉपी झाल्यावर सेटअप डेटाबेसची सर्व्हिस (पाठीमागे सतत चालणारा प्रोग्रॅम) सुरू करतं आणि ती उठून उभी राहायची वाट बघतं. ती उठली नाही, म्हणून सेटअप थकून म्हणतं की वाट बघणं फसलं. का उठली नाही, हे सेटअपला ठाऊक नसतं. ते फक्त सर्व्हिसला ठाऊक असतं आणि तिने ते स्वतःच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहून ठेवलेलं असतं. तेव्हा लॉग वाचायचा क्रम असा ठेवा.

मेसेज दिसला की ‘ओके’ दाबण्याआधी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा, कोपऱ्यातलं घड्याळ दिसेल असा. मी तर वेळ गेट पासच्या मागेही लिहून ठेवते. ही वेळ पुढे फार उपयोगी पडते.

मग सी ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाइल्समध्ये मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, त्यात आवृत्तीचा आकडा, त्यात सेटअप बूटस्ट्रॅप आणि त्यात लॉग, असं जा. आकडा २०१६ साठी १३०, २०१७ साठी १४०, २०१९ साठी १५० आणि २०२२ साठी १६०. लॉगच्या आत सेटअपच्या प्रत्येक प्रयत्नाचं तारीख-वेळेच्या नावाचं वेगळं फोल्डर असतं. पुन्हा प्रयत्न करण्याआधी ताजं फोल्डर कॉपी करून बाजूला ठेवा.

पहिली फाइल समरी. वरचा ‘फायनल रिझल्ट’ वाचून थांबू नका. खाली उतरा आणि कुठला घटक ‘फेल्ड’ आहे ते बघा. डेटाबेस इंजिन फेल आणि बाकी सगळं पास, असं असेल तर अर्धं काम झालं.

तिथे १६०३ हा आकडा दिसला, तर तोही स्वतः काही सांगत नाही. विंडोज इन्स्टॉलरचा तो सर्वसाधारण ‘जमलं नाही’ आहे. त्याच फोल्डरमध्ये त्या घटकाच्या नावाची लॉग फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ इंग्रजीत शोधा. पहिल्यांदा जिथे सापडेल, त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळींत खरं कारण असतं. ‘पहिल्यांदा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकदा गाडी घसरली की सेटअप बसवलेलं सगळं परत उचलायला लागतं आणि त्या उचलाउचलीत आणखी शेकडो एरर लिहिले जातात. फाइलच्या शेवटची ओळ कॉपी करून गूगलवर टाकणारे सगळे इथेच फसतात. डिटेल नावाच्या मोठ्या फाइलमध्ये याच्या उलट होतं: ‘एरर’ हा शब्द सुरुवातीपासूनच दिसतो, कारण नसलेल्या गोष्टी शोधल्याच्या निरुपद्रवी नोंदीही तिथे असतात. म्हणून फोटोतली वेळ धरा आणि तिच्या आधीच्या दोन-चार मिनिटांतल्या ओळी वाचा.

आणि मेसेज ‘रिकव्हरी हँडल’चा असेल, तर सरळ सर्व्हिसच्या लॉगकडे जा. इन्स्टन्सच्या, म्हणजे बसवलेल्या त्या एका एसक्यूएल सर्व्हरच्या, फोल्डरमध्ये (२०१९ साठी नावात १५, २०२२ साठी १६) एमएसएसक्यूएल, त्यात लॉग, आणि त्यात ‘एररलॉग’ नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल. डबल क्लिकने ती उघडत नाही, म्हणून लोक सोडून देतात. नोटपॅडवर ओढून टाका.

त्या कारखान्यातल्या एररलॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की लॉगचे २५६ आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन) ‘मिसअलाइन्ड’, म्हणजे डिस्कच्या सेक्टरशी न जुळणारे, आहेत. एसक्यूएल सर्व्हरला डिस्कचा सेक्टर (लिहिण्या-वाचण्याचा सगळ्यात लहान तुकडा) ५१२ किंवा ४०९६ बाइटचा लागतो. काही नव्या एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क याहून मोठा आकडा सांगतात आणि विंडोज ११ तो आकडा जसाच्या तसा पुढे देतं. विंडोज १० तसं करत नव्हतं, म्हणून जुन्या मशीनवर हा त्रास दिसत नव्हता. दोनदा काय, दहादा फॉरमॅट मारलं असतं तरी डिस्क तीच राहणार होती.

तपासायला अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर एफएसयूटिल कमांडने त्या ड्राइव्हची ‘सेक्टर इन्फो’ काढा. फिजिकल बाइट्स पर सेक्टरच्या ओळींत ४०९६ च्या वरचा आकडा, म्हणजे १६३८४ किंवा ३२७६८ असा काही दिसला, तर चोर सापडला. दुसरी, ४०९६ वाली डिस्क असेल तर डेटाबेसच्या फाइल तिच्यावर ठेवा. मला हा मार्ग जास्त आवडतो. नसेल तर मायक्रोसॉफ्टनेच दिलेली रजिस्ट्रीची नोंद आहे: ‘stornvme’ सर्व्हिसच्या पॅरामीटर्समध्ये ‘डिव्हाइस’खाली, सक्तीने ४ केबी सेक्टर सांगायला लावणारी. तिची अचूक अक्षरं मायक्रोसॉफ्टच्या पानावरूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका. मग रीस्टार्ट, फसलेला इन्स्टन्स कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल, उरलेलं डेटाचं फोल्डर बाजूला, आणि नव्याने सेटअप. त्या रविवारी हे सगळं चाळीस मिनिटांत आटपलं.

एररलॉगमध्ये दुसरी कारणंही सापडतात. ‘ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५’ म्हणजे सर्व्हिसच्या खात्याला फोल्डरवर परवानगी नाही. परवानगी त्या एका खात्याला, त्या एका फोल्डरवर द्या. ‘एव्हरीवन’ला देऊ नका, पगाराचा डेटा असतो त्यात. ‘एरर ३२’ म्हणजे फाइल दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवली आहे. अँटिव्हायरसवर संशय घ्यायचा तो इथे, याच्या आधी नाही. आणि तेव्हाही तो बंद करायचा नाही, डेटाबेसच्या फाइल त्याच्या यादीतून वगळायच्या. २०१४ किंवा त्याहून जुनी आवृत्ती कडक सुरक्षेच्या सर्व्हरवर बसवत असाल, जिथे टीएलएस १.० (नेटवर्कवरचा डेटा गुप्त ठेवायची जुनी पद्धत) बंद केलंय, तर मूळ सीडीवरची सर्व्हिस उठणारच नाही. अपडेटचं फोल्डर सेटअपला सोबत देऊन बसवावं लागतं. तसं तर २०१४ चा सपोर्ट जुलै २०२४ मध्येच संपला. सॉफ्टवेअर देणाऱ्या व्हेंडरला ‘नवीन आवृत्तीवर कधी आणताय’ हे लेखी विचारा.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. सी ड्राइव्ह भरला म्हणून विंडोज फोल्डरमधलं ‘इन्स्टॉलर’ हे लपलेलं फोल्डर रिकामं करू नका. कुठल्याशा व्हिडिओत ते ‘कचरा’ म्हणून दाखवतात. आज काहीच बिघडत नाही. सहा महिन्यांनी पॅच टाकायला जाल तेव्हा सेटअप जुनी पॅकेज फाइल मागेल आणि ती कुठेच नसेल. वाशीच्या एका ऑफिसात अशा एकेक फाइल मूळ आयएसओतून शोधून परत ठेवण्यात माझे दोन दिवस गेले आहेत.

सेटअपच्या सगळ्या पानांवर ‘नेक्स्ट’ दाबत जाणाऱ्यांनी एका पानावर तरी थांबावं: कोलेशन, म्हणजे अक्षरं साठवायचे, जुळवायचे आणि क्रम लावायचे नियम. ते विंडोजच्या लोकॅलवरून (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून) आपोआप निवडलं जातं. तुमच्या सॉफ्टवेअरच्या व्हेंडरला वेगळं हवं असेल, तर नंतर सर्व्हरचं कोलेशन बदलायला सिस्टिम डेटाबेस नव्याने बांधावे लागतात. आधी विचारा, लिहून घ्या, मग निवडा. आणि मराठी नावं ठेवायची असतील तर कॉलम एनव्हारकार (सगळ्या लिप्यांची अक्षरं मावणारा प्रकार) हवा, नाहीतर २०१९ पासून आलेलं यूटीएफ-८ कोलेशन हवं. साध्या कॉलममध्ये ‘ज्ञानेश्वर’ लिहिलं की वाचताना प्रश्नचिन्हांची रांग मिळते, आणि ती अक्षरं परत आणता येत नाहीत.

डोमेन कंट्रोलरवर (कंपनीभरचे लॉग इन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) डेटाबेस बसवू नका. छोट्या कंपन्यांत एकाच मशीनवर डोमेन, फाइल शेअर आणि टॅली असतं, मला माहीत आहे. तरीही वेगळं व्हर्च्युअल मशीन मागा. सर्व्हिसचं खातं बदलायचं असेल तर एसक्यूएलच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमधूनच बदला, लागणाऱ्या परवानग्या तोच देतो.

बसवून झालं आणि दुसऱ्या मशीनवरून कनेक्ट होत नाही? कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी (नेटवर्कवरून जोडणी) चालू करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, फायरवॉलमध्ये पोर्ट १४३३ उघडा. वेगळं नाव दिलेला इन्स्टन्स असेल तर एसक्यूएलची ब्राउझर सर्व्हिस सुरू ठेवा आणि तिच्यासाठी यूडीपी पोर्ट १४३४ उघडा.

निघण्याआधी सेटअपच्या ताज्या लॉग फोल्डरमधली ‘कॉन्फिगरेशन फाइल’ कॉपी करून कंपनीच्या आयटीवाल्यांकडे द्या. तुम्ही निवडलेले सगळे पर्याय तिच्यात असतात, त्यामुळे दुसरा सर्व्हर अगदी तसाच बसवता येतो. पासवर्ड तेवढे तिच्यात येत नाहीत, ते वेगळे द्यावे लागतात.