डेटा इंटरप्रिटेशनचा सराव कसा करावा

बँकांच्या आयबीपीएस पीओ पूर्वपरीक्षेत गणिताचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम ३४ सेकंद येतात. त्यातच डेटा इंटरप्रिटेशनचा, म्हणजे डीआयचा सेट असतो: एक तक्ता किंवा आलेख आणि त्याखाली पाच-सहा प्रश्न. राज्यसेवा आणि यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या कलचाचणीच्या पेपरमध्ये, डीआयचे प्रश्न मोजकेच असतात. पण तिथे ३३ टक्क्यांची पात्रता गाठावी लागते, आणि उतारे अवघड निघाले की हेच प्रश्न हात देतात.

या प्रश्नांचे गणित दहावीच्या पलीकडचे नसते. टक्केवारी, गुणोत्तर आणि सरासरी एवढ्यावर बहुतेक सेट सुटतात. तरीही भरपूर सराव केलेली मुले यात गुण गमावतात, कारण भागाकार सुरू करण्याआधी ती ‘कशाचे टक्के?’ असे स्वतःला विचारत नाहीत. हा पाया, म्हणजे टक्के ज्या संख्येचे काढायचे ती संख्या, ओळखण्याची सवय लावणे हाच डीआयच्या सरावाचा गाभा आहे. वेग त्यानंतर येतो.

१. आधी पाठांतर

रोज पंधरा मिनिटे आणि साधारण तीन आठवडे द्या. २५ पर्यंतचे पाढे, ३० पर्यंतचे वर्ग आणि अपूर्णांकांचे टक्के तोंडपाठ हवेत: १/६ म्हणजे १६.६७, १/७ म्हणजे १४.२९, १/८ म्हणजे १२.५, १/९ म्हणजे ११.११, १/११ म्हणजे ९.०९, १/१२ म्हणजे ८.३३, १/१५ म्हणजे ६.६७, १/१६ म्हणजे ६.२५. हे दोन्ही दिशांनी यायला हवे. ३७.५ टक्के दिसले की ३/८ आठवले पाहिजे.

जुन्या अंकलिपीतली पावकी, निमकी, सवायकी, दिडकी इथे फार कामाला येते. २५ टक्के वाढ म्हणजे सवापट, ५० टक्के वाढ म्हणजे दीडपट, २५ टक्के घट म्हणजे पाऊणपट. असा विचार करणाऱ्याला ६४० मध्ये २५ टक्के मिळवायला कागद लागत नाही. सवापट म्हणजे ८००. घरातल्या मोठ्यांना हे पाढे येत असतील तर त्यांच्याकडून म्हणून घ्या.

२. प्रश्नाआधी तक्ता वाचा

यावर मिनिटभर घालवा, पण प्रत्येक आकडा वाचत बसू नका. शीर्षक, एकक (हजारात, लाखात की टक्क्यांत), रांगा आणि स्तंभ काय सांगतात, आणि खाली बारीक अक्षरांत टीप आहे का, एवढेच बघा. एकक रफ कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. ‘आकडे हजारात’ ही टीप नजरेतून सुटली तर उत्तर हजारपटीने चुकते, आणि ते चुकीचे उत्तर बहुतेक वेळा पर्यायांत हजर असते.

आलेख असेल तर उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही ते बघा. अक्ष २०० पासून सुरू असेल तर दुप्पट उंच दिसणारा स्तंभ प्रत्यक्षात दुप्पट नसतो.

३. पाया शोधून मगच भागाकार

सरावासाठी एक काल्पनिक सेट घेऊ. पाच गोदामांतला तुरीचा साठा, क्विंटलमध्ये:

गोदाम अ: २०२२ मध्ये ४८०, २०२३ मध्ये ५४०
गोदाम ब: ६४०, ६००
गोदाम क: ३५०, ४५५
गोदाम ड: ७२०, ८१०
गोदाम इ: ५६०, ५९५

एकूण: २७५० आणि ३०००.

पहिला प्रश्न: ड गोदामाचा साठा किती टक्क्यांनी वाढला? वाढ ९० ची. ‘पेक्षा’, ‘च्या तुलनेत’ किंवा ‘पासून’ या शब्दांना जे जोडलेले असते तो पाया. इथे तो २०२२ चा, म्हणून ९०/७२० = १/८ = १२.५ टक्के. घाईत ९०/८१० केले तर ११.११ येते, आणि पेपर काढणारा हा आकडा पर्यायांत ठेवतोच.

दुसरा: एकूण वाढीत ड गोदामाच्या वाढीचे प्रमाण किती टक्के? वाढ तीच ९० ची, पाया मात्र बदलला. एकूण निव्वळ वाढ २५० आहे, म्हणून उत्तर ३६ टक्के.

तिसरा प्रश्न या सेटमधला सगळ्यात महत्त्वाचा. पाचही गोदामांचा एकूण साठा किती टक्क्यांनी वाढला? अनेक जण प्रत्येकाची टक्केवारी काढतात (१२.५, उणे ६.२५, ३०, १२.५ आणि ६.२५) आणि त्यांची सरासरी घेऊन ११ टक्के लिहितात. खरे उत्तर २५०/२७५० म्हणजे १/११, ९.०९ टक्के. प्रत्येक गोदामाचा पाया वेगळा असताना टक्क्यांची साधी सरासरी चालत नाही. क गोदाम सर्वांत लहान आहे. त्याची ३० टक्के वाढ साध्या सरासरीत जितके वजन खाते, तितके एकूण साठ्यात तिला नाही.

चौथा: एकूण साठ्यातला क गोदामाचा वाटा किती टक्क्यांनी वाढला? वाटा आधी ३५०/२७५० म्हणजे १२.७३ टक्के, नंतर ४५५/३००० म्हणजे १५.१७ टक्के. फरक २.४४ टक्केबिंदूंचा (दोन टक्केवारींची सरळ वजाबाकी), पण वाट्यातली वाढ जवळपास १९.२ टक्क्यांची. प्रश्नात कोणता शब्द वापरला आहे ते दोनदा वाचा.

नफ्याच्या सेटमध्येही हीच गफलत होते. उत्पन्न ७५ लाख आणि नफा २५ टक्के असेल तर खर्च किती? नफ्याचे टक्के खर्चावर धरायचे असतील (टिपेत ते लिहिलेले असते) तर उत्पन्न हे खर्चाच्या सवापट, म्हणून खर्च ६० लाख. ७५ लाखांतून त्याचेच २५ टक्के वजा करणाऱ्याला ५६.२५ लाख मिळतात, कारण त्याने टक्के उत्पन्नावर काढले.

४. पर्याय बघून अंदाज

भागाकार पूर्ण करायचा की नाही हे पर्यायांतले अंतर ठरवते. ७३८ हे २४६६ चे किती टक्के? पर्याय २४, २७, ३०, ३३ असतील तर २४६६ चे १० टक्के २४६.६ आणि ३० टक्के ७३९.८. किंचित कमी, उत्तर ३०. इथे दशांशापर्यंत जाणे म्हणजे पुढच्या प्रश्नाचा वेळ खाणे. पर्याय २९.६, २९.९, ३०.२ असे चिकटून असतील तरच पूर्ण आकडेमोड करा.

अंदाज घेताना दिशा पाळावी लागते. गुणाकारात एक संख्या वाढवली तर दुसरी तितक्याच टक्क्यांनी कमी करा. ४८७ × ६१२ साठी ५०० × ५९६ केले तर २,९८,००० येतात. खरे उत्तर २,९८,०४४. भागाकारात याच्या उलट: अंश आणि छेद दोन्ही एकाच दिशेने सरकवा.

दोन अपूर्णांकांत मोठा कोणता हे ठरवायलाही भागाकार लागत नाही. १७/४३ आणि २४/५९ बघा. अंश ७ ने वाढला, छेद १६ ने. ७/१६ हे १७/४३ पेक्षा मोठे आहे (पहिले ०.४ च्या वर, दुसरे खाली), म्हणून २४/५९ मोठा. ‘कोणत्या वर्षी प्रमाण सर्वाधिक होते’ या जातीच्या प्रश्नांत ही युक्ती भरपूर वेळ वाचवते.

५. प्रकारानुसार काय सांभाळायचे

वर्तुळालेखात १ टक्का म्हणजे ३.६ अंश, १८, २७, ४५, ५४ आणि ७२ अंश म्हणजे अनुक्रमे ५, ७.५, १२.५, १५ आणि २० टक्के. दोन वर्तुळे शेजारी असली की दोन्हींची एकूण संख्या आधी लिहा. ४५,००० चे २० टक्के म्हणजे ९,०००, तर ३२,००० चे २५ टक्के म्हणजे ८,०००. इथे लहान दिसणारा तुकडाच मोठा आहे.

रेषालेखात रेषा कशाची आहे ते तपासा. वाढीचा दर २०, १५, १० टक्के असा उतरत असेल तर रेषा खाली येते, पण मूळ संख्या १०० वरून १२०, १३८ आणि १५१.८ अशी चढतच असते. ‘कोणत्या वर्षी उत्पादन सर्वांत कमी?’ या प्रश्नावर रेषेचे खालचे टोक निवडणारे खूप असतात.

स्तंभालेखात अक्षाखेरीज फारसे अडत नाही.

उताऱ्यावरचा सेट, ज्याला क्लासमध्ये केसलेट म्हणतात, लोकांना नको वाटतो, कारण तक्ता आपणच मांडायचा असतो. तो डोक्यात मांडू नका, कागदावर चौकट आखा. समजा, १२०० विद्यार्थ्यांत ४५ टक्के मुली आहेत, मुलांपैकी ४० टक्के वसतिगृहात राहतात आणि वसतिगृहात एकूण ४८० जण आहेत. मुली ५४०, मुले ६६०, वसतिगृहातली मुले २६४, म्हणून वसतिगृहातल्या मुली २१६. बाहेर राहणारे एकूण ७२०, त्यांत मुले ३९६ आणि मुली ३२४. चौकट भरायला दीड मिनिट गेले, पण आता पाचही प्रश्न दहा-दहा सेकंदांचे झाले. उतारा वाचता वाचताच चौकट भरत जा. पूर्ण वाचून मग आखायला घेतली तर उतारा दुसऱ्यांदा वाचावा लागतो.

६. सरावाचे वेळापत्रक

पहिले दोन आठवडे घड्याळ बाजूला ठेवा. रोज दोन सेट, प्रत्येक प्रश्नाशेजारी पाया लिहून सोडवा. ‘पाया: २०२२, ड’ एवढेच पुरे. हे कंटाळवाणे आहे, पण इथे आळस केला तर पुढे वेग वाढतो तशा चुकाही वाढतात.

तिसऱ्या आठवड्यापासून टायमर लावा. सुरुवातीला पाच प्रश्नांच्या सेटला आठ मिनिटे, मग सहा, मग पाच. वेळ संपली की तिथेच रेघ मारा आणि उरलेले प्रश्न रेघेखाली सोडवा, म्हणजे खरी गती कळते. लगेच तोच सेट टायमरविना पुन्हा बघा आणि प्रत्येक प्रश्नाला याहून छोटी वाट होती का ते शोधा. आठवड्याने तो सेट तिसऱ्यांदा सोडवा. रोज दहा नवे सेट उडवण्यापेक्षा दोन नवे आणि एक जुना, हा हिशेब जास्त फळ देतो.

चुकांसाठी वेगळी वही ठेवा. प्रत्येक चुकीला एक अक्षर द्या: ‘व’ म्हणजे वाचनाची, ‘प’ पायाची, ‘आ’ आकडेमोडीची, ‘वे’ वेळेअभावी सुटलेला प्रश्न. तीस-चाळीस नोंदी झाल्या की मोजा. ‘आ’ जास्त असतील तर पहिल्या टप्प्यातले पाठांतर कच्चे आहे. ‘व’ आणि ‘प’ जास्त असतील तर आणखी पाढे पाठ करून उपयोग नाही, पुन्हा घड्याळाविना सराव हवा. ‘वे’ जास्त म्हणजे सेट निवडण्यात चूक होते आहे.

७. खऱ्या आकड्यांवर प्रश्न तयार करा

क्लासच्या सेटमध्ये आकडे सोयीचे असतात. खरे आकडे तसे नसतात, म्हणून अंदाजाची सवय त्यांच्यावरच पक्की होते. राज्याच्या अर्थसंकल्पाआधी प्रसिद्ध होणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ तक्त्यांनी भरलेली असते आणि मराठीत मिळते. जनगणनेचे आकडेही उत्तम.

महाराष्ट्राची लोकसंख्या २००१ मध्ये ९.६९ कोटी आणि २०११ मध्ये ११.२४ कोटी होती. वाढ १.५५ कोटी. ९.६९ चे १० टक्के ०.९६९, ५ टक्के ०.४८४५, १ टक्का ०.०९६९, बेरीज १.५५, म्हणजे वाढ १६ टक्के. आता देशाचे आकडे शेजारी ठेवा: १०२.८७ कोटी आणि १२१.०९ कोटी. राज्याचा वाटा ९.४२ टक्क्यांवरून ९.२८ टक्क्यांवर आला. लोकसंख्या वाढली आणि वाटा घटला, कारण देशाची वाढ १७.७ टक्के होती. अशी जोडी स्वतः शोधून काढली की परीक्षेतला तसा प्रश्न ओळखीचा वाटतो.

२०११ मध्ये राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के होती. मग साक्षर लोक किती? ११.२४ कोटींचे ८२.३४ टक्के काढले तर चुकेल. जनगणनेत साक्षरतेचा दर सात वर्षे आणि त्यावरील लोकसंख्येवर काढतात, सहा वर्षांपर्यंतची मुले पायात धरलेली नसतात. तक्त्याखालच्या टिपेत अशा गोष्टी लिहिलेल्या असतात.

८. पेपरमध्ये

डीआयने सुरुवात करू नका. सरळ आकडेमोडीचे प्रश्न वीस-पंचवीस सेकंदांत उरकले की सेटसाठी पाच मिनिटे निघतात. दोन सेट असतील तर दोन्हींवर नजर टाकून सोपा आधी घ्या. मिनिटभर वाचूनही पहिला प्रश्न कसा सुटणार हे दिसत नसेल तर पुढे जा. सेटमध्येही क्रमाने जायची गरज नाही: फरक आणि गुणोत्तराचे प्रश्न आधी, मग टक्केवारी, आणि प्रत्येक वर्षाची सरासरी मागणारा लांबलचक प्रश्न शेवटी. एकूण बेरीज एकदा काढली की ठळक लिहून ठेवा, ती पुन्हा लागतेच.

दोन पर्यायांत अडकलात आणि पाया नक्की कोणता हेच ठरत नसेल तर प्रश्न सोडा. आयबीपीएस आणि एमपीएससीत चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश भाग जातो, यूपीएससीच्या सीसॅटमध्ये एक तृतीयांश. पाया ठरला आहे, फक्त आकडेमोड अर्धी राहिली आहे आणि पर्यायांत अंतर भरपूर आहे, अशा वेळी मात्र अंदाजाने उत्तर नोंदवायला हरकत नाही.