सुरुवातीच्या हंगामात मचाणावरून हरणं दिसत नाहीत? या चुका टाळा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. केंटकीत त्याच्याही आधी, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी. आयोवात मात्र १ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागतं. मिडवेस्टात स्थायिक झालेल्या आणि ही शिकार शिकू पाहणाऱ्या मराठी मित्रांकडून या दिवसांत एकच प्रश्न ऐकू येतो: रानात झाडाला बांधून ठेवलेल्या कॅमेऱ्यात ऑगस्टभर रोज दिसणारी हरणं मी मचाणावर चढल्याबरोबर गेली कुठे?

बहुतेक वेळा ती फार लांब गेलेली नसतात. त्याच झाडोऱ्यात बसून असतात आणि माणूस आल्याचं त्यांना कळलेलं असतं. नोव्हेंबरात, माजाच्या दिवसांत, नर दिवसाढवळ्या माद्यांमागे फिरतो आणि शिकाऱ्याच्या बऱ्याच चुका खपून जातात. सप्टेंबरात हरणाला खाणं आणि बसणं या दोनच गोष्टींची फिकीर असते, आणि या दोन जागांमधली वाट ते जपून चालतं. म्हणून या दिवसांत मचाणावर किती तास काढले याला फारशी किंमत नाही. तिथवर कसे गेलात आणि तिथून कसे परतलात, यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांचं सगळं ठरतं.

भारतात वाढलेल्या आपल्याला शिकार म्हटलं की आधी कायदा आठवतो, आणि ते योग्यच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिकडे हरणावर बाण रोखणं हा गुन्हा आहे. इथे व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांची संख्या राज्याचं वन्यजीव खातं परवान्यांच्या हिशेबाने आटोक्यात ठेवतं. योगायोग असा की त्याच १९७२ साली अमेरिकेत बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी वापरणाऱ्या १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यात दुरुस्ती झाली आणि धनुष्यबाणांवरचा करही वन्यजीव संवर्धनाकडे वळला. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्यासाठी शिकारी-प्रशिक्षणाची अट आहे. ते प्रशिक्षण उरकायचं म्हणून उरकू नका.

ऑगस्टचे फोटो धरून बसणं

उन्हाळ्यात नर टोळीने राहतात. शिंगं वाढत असतात, त्यांवर मखमली कातडं असतं, ती दुखावली तर नुकसान. त्यामुळे भांडण नको असतं. तीन-चार मोठे नर एकाच सोयाबीनच्या शेतात संध्याकाळच्या उजेडात चरताना दिसतात ते याचमुळे. दिवस लहान होऊ लागले की नराच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं, शिंगं कडक होतात आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मखमल गळून पडते. मग टोळी फुटते. काही नर तिथेच राहतात, काही उन्हाळ्याचा मुलूख सोडून दुसरीकडे जातात. १० ऑगस्टचा फोटो २० सप्टेंबरला जवळजवळ निरुपयोगी असतो, तो यासाठी.

त्याच सुमारास खाणंही बदलतं. सोयाबीनची पानं हिरवी असतात तोवर हरणं शेत सोडत नाहीत. पानं पिवळी पडली की पाठ फिरवतात. जवळ अल्फाल्फा (लसूणघास) असेल तर तिकडे जातात, आणि ओकची फळं गळू लागली की रानाबाहेर उजेडात यायची गरजच उरत नाही. इथे झाडं ओळखता आली पाहिजेत. व्हाइट ओकच्या पानाचे खाचे गोलसर, रेड ओकचे टोकदार. व्हाइट ओकचं फळ एकाच हंगामात पिकतं आणि त्यात तुरटपणा आणणारं टॅनिन कमी असतं. रेड ओकचं पिकायला दोन हंगाम घेतं आणि जास्त तुरट लागतं. दोन्ही शेजारी असतील तर हरीण आधी व्हाइट ओकखाली तोंड घालतं. प्रत्येक झाड दरवर्षी सारखं फळत नाही, म्हणून ऑगस्टअखेर दुर्बीण घेऊन झाडांचे शेंडे पाहा. ज्या झाडाखाली फळांच्या फुटलेल्या टोप्या, ताज्या लेंड्या आणि उकरलेला पाचोळा दिसेल तिथे हरणं येत आहेत. कॅमेऱ्यातला जुना फोटो काहीही सांगो.

कॅमेऱ्याचं कार्ड काढायला दर दोन दिवसांनी रानात जाणं ही याच चुकीची पोटचूक. प्रत्येक फेरी तुमचा वास मागे ठेवून येते.

आणि ऑक्टोबरच्या मरगळीवर खापर फोडू नका. ऑक्टोबरच्या मध्याला नर हलेनासे होतात असं जुने शिकारी छातीठोकपणे सांगतात. हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे घालून झालेल्या अभ्यासांत हे दिसलेलं नाही. नरांची हालचाल महिनाभर वाढतच जाते. हरीण फिरत असतं, फक्त तुम्ही बसला आहात तिथून नाही. याला एकच अपवाद लक्षात ठेवा: सप्टेंबरात ओढ्या-तळ्यांच्या काठी मेलेली हरणं सापडली, तर चावऱ्या चिलटांमुळे पसरणारा इएचडी हा रोग आलेला असू शकतो. कडक थंडी पडून चिलटं मेली की तो थांबतो. माणसाला तो होत नाही, पण त्या वर्षी त्या रानातली हरणं खरोखरच कमी झालेली असू शकतात.

वारा पाहिला, उतार पाहिला नाही

फोनवर वारा वायव्येचा दाखवला, मचाण आग्नेयेला आहे, म्हणजे काम झालं असं समजणारे फार. सपाट मुलखात हे बऱ्याच अंशी चालतं. विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येला, हिमनद्यांनी कधीच न रगडलेल्या ड्रिफ्टलेस भागात, चालत नाही. तिथे धारा आहेत, सोंडा आहेत, खोल घळी आहेत, आणि संथ संध्याकाळी हवा अंदाजाचं ऐकत नाही, उताराचं ऐकते.

सकाळी उन्हाने उतार तापला की हवा वर चढते. संध्याकाळी उतारावर सावली आली की गार झालेली हवा पाण्यासारखी खालच्या घळीत उतरते. सोंडेच्या मधोमध मचाण बांधून संध्याकाळी पाच वाजता बसलात, तर पाचला तुमचा वास एकीकडे जात असतो आणि साडेसहाला खालच्या ओढ्यात भरत असतो. नेमकी त्याच वेळी हरणं त्या ओढ्यातून वर निघतात. मग खालून नाक फुंकल्याचा आवाज येतो, पांढरी शेपटी उभी राहते, आणि तुम्ही म्हणता, वारा तर बरोबर होता.

उपाय स्वस्त आहे. आपल्या रुईच्या कुळातल्या मिल्कवीडच्या शेंगा याच दिवसांत पिकतात. त्यातले दोन-चार तंतू खिशात ठेवा, दर अर्ध्या तासाने एक सोडा आणि तो कुठवर तरंगत जातो ते नजर ठेवून पाहा. वारा पाहायला भुकटी उडवायची बाटली मिळते, तिने हातभर अंतरावरचं कळतं. तंतू शंभर फुटांवर हवा कुठे वळते तेही दाखवतो. संध्याकाळच्या मचाणासाठी अशी जागा शोधा जिथून गार हवा हरणांच्या वाटेपासून दूर उतरेल. वास मारणाऱ्या फवाऱ्यांवर पैसे घालण्यापेक्षा हे शिकण्यात वेळ घाला. फवाऱ्याने वास कमी होत असेल, पण वाऱ्याच्या खालच्या अंगाला आलेल्या हरणाला तो चुकवता येत नाही.

पहाटेची घाई आणि उतरतानाचा धसमुसळेपणा

सुरुवातीच्या हंगामात हरणं रात्रभर शेतात किंवा शेताच्या कडेला असतात. पहाटे पाचला टॉर्च लावून तुम्ही शेतावरून चालत गेलात की आहे ते सगळं उधळता आणि मग रिकाम्या रानावर पहारा देत बसता. खाण्याच्या जागेला अजिबात न शिवता हरणांच्या बसण्याच्या बाजूला पोहोचता येत असेल तरच सकाळी जा. नसेल तर झोपा. सप्टेंबर संध्याकाळचा असतो.

संध्याकाळची अडचण वेगळी. अंधार पडतो, तेव्हा शेतात आठ-दहा हरणं चरत असतात आणि तुम्ही वीस फूट वर. खाली उतरलात की सगळी तुम्हाला पाहतात, आणि त्यातली म्हातारी मादी ते झाड विसरत नाही. पुढच्या वेळी ती शेतात पाय ठेवण्याआधी मान वर करून थेट मचाणाकडे बघेल. तिच्यामागे येणारे सगळे तिच्यावरून शिकतात. म्हणून आधीच ठरवून ठेवा: मित्राला किंवा शेतमालकाला गाडी घेऊन शेतात यायला सांगा. गाडीला हरणं बुजतात, बाजूला होतात, पण तिचा संबंध झाडाशी लावत नाहीत. हे जमणार नसेल तर मचाण शेताच्या कडेला न बांधता शे-दीडशे यार्ड आत, ओकच्या पट्ट्यात बांधा. तिथून हरणं पुढे शेतात निघून गेल्यावर मागच्या बाजूने उतरता येतं.

एकाच मचाणावर रोज बसू नका. पहिल्या दोन बैठका सर्वांत मोलाच्या असतात. वारा चुकीचा असेल त्या संध्याकाळी घरी राहणं जड जातं, नोकरी सांभाळून मिळालेली सुट्टी वाया गेल्यासारखी वाटते, हे खरं आहे. तरी राहा.

पानं आणि कपडे

मार्चमध्ये उघडी-बोडकी दिसलेली जागा सप्टेंबरात पानांनी भरलेली असते आणि तीस यार्डांवर हरीण उभं असूनही दिसत नाही. फांद्या हंगामाच्या पुरेशा आधी छाटा, तेही जमीनमालकाला विचारून. सार्वजनिक रानात छाटायला किंवा झाडात स्क्रू ठोकायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे. पाठीमागचा झाडोरा मात्र राहू द्या, नाहीतर आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुम्ही उठून दिसता.

हरणाला लाल-केशरी रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, पण निळा आणि अतिनील प्रकाश आपल्यापेक्षा चांगला दिसतो. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून उजळणारं रसायन घातलेल्या साबणात शिकारीचे कपडे धुणं ही म्हणूनच खरी चूक आहे; केशरी जाकीट नव्हे. विस्कॉन्सिनमध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलांसाठी बंदुकीचा एक शनिवार-रविवार असतो. त्या दोन दिवसांत धनुष्यवाल्यांनाही भडक केशरी किंवा गुलाबी घालावंच लागतं. त्याने हरणं कमी दिसतील अशी भीती नको.

गोचिड्यांसाठी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर मारा, अंगावर नाही. गोचिड्यांतून होणारा लाइम रोग इथे नेहमीचा आहे.

दिसलं म्हणजे ओळखलं असं नाही

शिंग नसलेलं हरीण एकटंच आलं की नवखा शिकारी त्याला मादी समजतो. बऱ्याचदा तो त्याच वर्षी जन्मलेला नर असतो. कपाळावरच्या केसांखाली शिंगांच्या जागी फक्त दोन गुंड्या. मोठ्या मादीचं तोंड लांबट आणि निमुळतं, मान लांब, अंग आडवं. पाडसाचं तोंड आखूड, अंग चौकोनी. एकट्या जनावरात आकाराचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून दुसरं हरीण शेजारी येईपर्यंत थांबा आणि दुर्बिणीतून कपाळ पाहा.

पाडसं मेअखेर आणि जूनमध्ये जन्मतात. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्यांना दुधावाचून जगता येतं, कायदाही आड येत नाही. तरीही ठिपके न गेलेलं पाडस मागे असलेल्या मादीवर मी बाण सोडणार नाही. उशिरा जन्मलेल्या त्या जिवाला अजून महिनाभर आई असू द्यावी, असं मला मनापासून वाटतं, आणि हंगाम जानेवारीपर्यंत असतो.

उकाड्यात संशयाचा बाण

थंडीतला आणि सप्टेंबरातला सर्वांत मोठा फरक इथे आहे. बाण फुप्फुसांतून गेला तर अर्ध्या तासाने माग काढायला निघावं. पोटात लागला तर आठ-बारा तास थांबावं लागतं, नाहीतर जखमी जनावर उठून लांब जातं. पण रात्री २० अंश सेल्सियस तापमान असताना आठ तासांत मांस खराब होतं, आणि कोयोटी (लांडग्याच्या जातीतले लहान प्राणी) तुमच्याआधी पोहोचतात. या पेचातून सुटका नाही. त्यामुळे अंतर जरा जास्त वाटलं, मध्ये एक डहाळी आली, हरीण कान टवकारून ताठ उभं राहिलं, तर धनुष्य उतरवा. आडवं उभं किंवा किंचित पलीकडे वळलेलं, निवांत जनावर असेल तरच. अगदी बुंध्याशी आलेल्या हरणावर वरून खाली कोन फार तीव्र होतो आणि एकच फुप्फुस सापडतं. त्याला दहा-पंधरा यार्ड पुढे जाऊ द्या. कमरेतून वाका, हात खाली नेऊन नेम धरू नका.

निघण्यापूर्वी बर्फाची पेटी गाडीत असलीच पाहिजे. मांस लवकरात लवकर ४ अंशांच्या खाली न्यायचं असतं.

दोर न बांधता चढणं

यावर वाद घालायचा नाही. पूर्ण अंगाचा हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षा-पट्टे), आणि जमिनीपासून मचाणाच्या वरपर्यंत जाणारी लाइफलाइन म्हणजे दोरी, जिच्यावर सरकणारी गाठ हार्नेसला जोडलेली असते. बरेच अपघात मचाणावर बसलेले असताना होत नाहीत. चढता-उतरता, शिडीवरून मचाणावर पाऊल टाकताना होतात. म्हणून पाय जमिनीवर असतानाच दोर जोडा. दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात सतत टेकलेले हवेत. धनुष्य खांद्याला अडकवून चढू नका, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या. गेल्या वर्षीचे पट्टे झाडावरच राहिले असतील तर बदला. ऊन-पावसाने ते कुजतात आणि बाहेरून ते कळत नाही. हार्नेसमध्ये लटकून राहिल्यासही पायांतलं रक्त अडून जीव जाऊ शकतो, म्हणून पाय टेकवायचा पट्टा खिशात आणि फोन हाताला येईल असा ठेवा. कोणत्या झाडावर आहात आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघा.

मिळाल्यावरची दोन कामं

विस्कॉन्सिनमध्ये हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत करावी लागते, फोनवरून किंवा संगणकावरून. दुसरं काम तपासणीचं. हरणांच्या मेंदूला पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या राज्यात २००२ साली पहिल्यांदा सापडला आणि मॅडिसनच्या पश्चिमेकडच्या भागात तो आता चांगलाच मुरला आहे. हरीण वरून धडधाकट दिसत असलं तरी त्याला तो असू शकतो, आणि शिजवल्याने त्याचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) नष्ट होत नाहीत. माणसाला तो झाल्याचं आढळलेलं नाही, तरी रोगी जनावराचं मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. थोडी मान ठेवून डोकं वन्यजीव खात्याने ठेवलेल्या पेटीत टाकून यायचं असतं, तपासणी फुकट होते. निकाल येईपर्यंत त्या हरणाचं मांस खूण केलेल्या वेगळ्या पिशव्यांत फ्रीझरमध्ये ठेवा आणि शेजारीपाजारी वाटू नका.