स्क्रुटिनीत नव्याने उतरताय? आधी कलम ६८ नीट समजून घ्या

प्राप्तिकर कायदा, १९६१मधलं कलम ४४एबीचं टॅक्स ऑडिट (सीएने केलेली हिशेबांची तपासणी) आणि कलम १४३(२)ची स्क्रुटिनी (प्राप्तिकर विभागाने केलेली रिटर्नची छाननी) यांतला फरक तुम्हाला माहीत असणार, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मला सगळ्यात जास्त दमवलं ते कलम ६८ने, म्हणजे हिशेबात जमा दिसणारी रक्कम कुठून आली याचा खुलासा मागणाऱ्या कलमाने. समजा, क्लायंटने मेहुण्याकडून पाच लाख उसने घेतलेत. आरटीजीएस आहे, पॅन आहे, उसने दिल्याचं मेहुण्याने सही केलेलं कन्फर्मेशन आहे. क्लायंट निवांत, आपणही निवांत. पण अधिकारी तीन गोष्टी बघतो: देणारा कोण, त्याची ऐपत काय आणि व्यवहार खरा आहे का. पॅन आणि कन्फर्मेशनने फार तर पहिलीचं भागतं. म्हणून मेहुण्याचं रिटर्न आणि बँक स्टेटमेंट मागवा आणि स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचा. आरटीजीएसच्या आदल्याच दिवशी तेवढीच रोकड भरलेली असेल, तर ती कुठून आली हे अधिकारी विचारणारच. त्याच्या आधी तुम्ही विचारा. करनिर्धारण वर्ष २०२३-२४पासून (म्हणजे आर्थिक वर्ष २०२२-२३च्या व्यवहारांपासून) तर देणाऱ्याकडे पैसा कुठून आला, याचा खुलासा त्याने देणं कायद्यातच आलंय. तो पटला नाही, तर सगळी रक्कम क्लायंटच्या उत्पन्नात धरली जाते. मेहुणा कागद द्यायला कुरकुर करतो, क्लायंटला मागायला संकोच वाटतो, आणि मधल्या मध्ये फोन करत बसतो तो आपण.

जुन्या फायलीतलं उत्तर उचलून नावं बदलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जे सीए सर तुमच्या ड्राफ्टवर लाल पेन चालवतात, त्यांच्याकडे कमी स्टायपेंडवरही टिकून राहा. ‘वरती ओळख आहे’ म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब. कलम १४४बीच्या फेसलेस, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाइन चालणाऱ्या पद्धतीत तुमच्या बाजूने अधिकाऱ्यासमोर येतं ते मुख्यतः तुम्ही अपलोड केलेलं. त्यामुळे ‘सोबत जोडले आहे’ एवढ्यावर सोडू नका. ‘परिशिष्ट ४, पान २, तिसरी नोंद’ असं लिहा.

पहिली शो-कॉज, म्हणजे ‘ही रक्कम उत्पन्नात का धरू नये’ असं विचारणारी नोटीस, वाचून पोटात गोळा येतो. येऊ द्या, सगळ्यांना येतो. नोटिशीत असतो तो अजून प्रस्तावच. उत्तर द्या, व्हिडिओ सुनावणी मागा. आदेश विरोधात गेलाच, तर अपिलाला ३० दिवस असतात. गप्प बसलात तर मात्र कलम १४४खाली अधिकारी स्वतःच्या अंदाजाने उत्पन्न ठरवून मोकळा होतो, शिवाय नोटिशीला उत्तर न दिल्याचा १०,००० रुपये दंड वेगळा. कागद जमत नसतील, तर मुदतवाढ तारीख उलटायच्या आत पोर्टलवर मागा, आणि मागताना हातात असलेले कागद तरी चढवून टाका.