संस्थेचे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर नेण्यापूर्वी

एखाद्या वाचनालयाचे, शाळेचे किंवा पतसंस्थेचे संकेतस्थळ सामायिक होस्टिंगवरून (अनेक संकेतस्थळांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवरून) स्वतंत्र व्हीपीएसवर (भाड्याच्या यंत्राच्या आपल्यापुरत्या हिश्श्यावर) न्यायचे ठरले, की बैठकीत पहिला प्रश्न वार्षिक खर्चाचा निघतो आणि बहुधा शेवटचाही तोच असतो. तो रास्त आहे. परंतु त्याआधी एका कागदावर इतकेच लिहून काढावे, की हा सर्व्हर उद्या सकाळी नाहीसा झाला, तर संकेतस्थळ कोणत्या प्रतीवरून, कोण आणि किती तासांत उभे करणार. ‘होस्टिंगवाले बॅकअप घेतात’ हे उत्तर आले, तर खरेदी पुढे ढकलावी. या यादीत बॅकअपचा विषय पुन्हा पुन्हा येईल, कारण मागच्या खेपेस बॅकअप रोज रात्री घेतला जात होता आणि तो परत उतरवून, म्हणजे त्या प्रतीवरून संकेतस्थळ उभे करून, पाहायचे तेवढे राहून गेले होते.

डोमेनचे नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदलेले असावे, संकेतस्थळ बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर नव्हे. आपल्याकडे अजूनही अनेक संस्थांची डोमेने अशा मुलांच्या नावावर आहेत. असा मुलगा पुढे पुण्याला नोकरीला लागतो, फोन बदलतो आणि नूतनीकरणाची सूचना जिथे जाते ती पेटी कोणीच उघडत नाही. हे आधी निस्तरावे, मग सर्व्हरचे बोलावे.

होस्टिंगची कंपनी निवडताना डेटा सेंटर (सर्व्हर ठेवलेली इमारत) मुंबई किंवा बंगळुरूचे घ्यावे. वाचक महाराष्ट्रात असताना यापलीकडे कारण शोधण्याची गरज नाही. ‘९९.९ टक्के अपटाइम’ या वाक्याला भुलू नये. त्याचा अर्थ महिन्याला सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा असा होतो, आणि तेवढ्यात भागले नाही तरी भरपाई म्हणून सहसा पुढच्या बिलातून थोडी रक्कम वजा होते. गेलेली माहिती कोणी भरून देत नाही. स्वस्त प्लॅनमध्ये एकाच यंत्रावर गरजेपेक्षा जास्त ग्राहक बसवलेले असतात. ते ओळखण्यासाठी पहिल्या आठवड्यात ‘टॉप’ ही आज्ञा चालवून ‘एसटी’ या अक्षरांपुढचा आकडा पाहावा. तो सतत चढा राहत असेल, तर आपल्या वाट्याचा प्रोसेसर दुसऱ्यांकडे जात आहे, आणि पैसे परत मिळण्याची मुदत संपण्यापूर्वी तिथून निघावे. पीएचपी (पाने तयार करणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) एकाच सर्व्हरवर ठेवायचे असतील, तर दोन जीबीपेक्षा कमी मेमरी घेऊ नये. मेमरी संपली की लिनक्स ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम ज्या प्रक्रियेचा बळी देते, ती बहुधा मायएसक्यूएलच असते. मदतकेंद्राची परीक्षा खरेदीपूर्वीच, रविवारी रात्री एक साधा प्रश्न विचारून घ्यावी.

पैसे भरण्याची व्यवस्था ही तांत्रिक बाब वाटत नाही, म्हणून ती कोणी यादीत घालत नाही. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (ठरावीक काळाने आपोआप पैसे वळते करण्याच्या संमतीचे) नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यावर परदेशी कंपन्यांची कार्डावरून आपोआप होणारी वसुली अनेकांच्या बाबतीत निमूटपणे थांबली. कार्ड खजिनदारांचे, ओटीपी त्यांच्या फोनवर आणि ते चारधामला गेलेले, अशा अवस्थेत बिल थकते, खाते गोठते आणि काही काळाने सर्व्हर पुसला जातो. त्याच खात्यात घेऊन ठेवलेले स्नॅपशॉटही (सर्व्हरच्या त्या त्या क्षणाच्या पूर्ण प्रतीही) अनेकदा त्याच्याबरोबर जातात. जीएसटीसह बिल देणारी आणि यूपीआय किंवा बँक हस्तांतर स्वीकारणारी कंपनी थोडी महाग पडली तरी परवडते. शिवाय काही रक्कम आगाऊ भरून ठेवावी.

ऑपरेटिंग सिस्टीम दीर्घ मुदतीच्या आधाराचीच घ्यावी. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, डेबियनही चालेल. मुदत नीट तपासावी, कारण सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे मानून ज्यांनी ती बसवली, त्यांना २०२० च्या डिसेंबरमध्ये कळले की तो २०२१ च्या अखेरीसच संपणार आहे. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आहे. कोणी ‘आमच्याकडे तीच बसवून मिळेल’ म्हणत असेल, तर त्या कंपनीशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

सुरक्षेची सुरुवातीची कामे सर्वांना ठाऊक असतात आणि तरीही उद्यावर टाकली जातात: एसएसएचला (सर्व्हरवर दुरून प्रवेश करण्याच्या मार्गाला) पासवर्ड बंद करून फक्त की (किल्लीचे काम करणारी फाइल) ठेवणे, रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) थेट प्रवेश बंद करणे, सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील असे करणे. फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी व्यवस्था) सुरू करण्यापूर्वी एसएसएचला परवानगी द्यावी, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. एक गोष्ट मात्र ठाऊक नसते: डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवण्याचे साधन) वापरत असाल, तर त्याने बाहेर उघडलेले पोर्ट (जोडणीची दारे) यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जगाला दिसतात. फायरवॉलच्या यादीत ‘बंद’ दिसते आणि डेटाबेस उघडा असतो. म्हणून डेटाबेसचा पोर्ट फक्त सर्व्हरच्या आतल्या पत्त्याला बांधावा आणि दुसऱ्या जागेवरून, मोबाइलच्या इंटरनेटवरून का होईना, तो खरोखर बंद आहे ना हे पाहावे. संकेतस्थळ वर्डप्रेसवर बांधलेले असेल, तर वापरात नसलेले प्लगइन (जोड-प्रोग्राम) निष्क्रिय करून भागत नाही, ते काढून टाकावेत.

आता बॅकअप. सर्व्हरवरच दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे, आणि त्याच इमारतीतल्या दुसऱ्या यंत्रावरची प्रतही नव्हे. १० मार्च २०२१ च्या पहाटे स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक संपूर्ण इमारत जळाली, तेव्हा ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती काही उरले नाही. त्याच खात्यातली प्रतही पुरेशी नाही. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्यात घुसखोर शिरला आणि त्याने तिथूनच माहिती आणि बॅकअप असे दोन्ही पुसले. कंपनी त्यातून उठली नाही. तेव्हा एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, वेगळ्या ईमेलने उघडलेल्या खात्यात असावी, आणि सर्व्हरला त्या जागी नवी फाइल ठेवण्याचा अधिकार असावा, जुनी पुसण्याचा नसावा. रेस्टिकसारख्या साधनाने प्रत कूटबद्ध करत असाल, तर तिचा पासवर्ड सर्व्हरखेरीज कागदावर, संस्थेच्या कपाटातही ठेवावा. तो फक्त सर्व्हरवर असणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार ओढून घेणे होय.

एवढे सगळे करूनही बॅकअप आहे असे म्हणता येत नाही. तो उतरवून पाहिल्यावरच म्हणता येते.

नेमके काय बिघडते ते सांगतो. रात्री दोन वाजता बॅकअपच्या स्क्रिप्टमधून (आज्ञांच्या यादीतून) मायएसक्यूएलडंप हे डेटाबेसची प्रत काढणारे साधन चालते, त्याचे उत्पादन पाइपमधून (एका आज्ञेचे उत्पादन दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) जीझिप या फाइल आवळणाऱ्या साधनाकडे जाते आणि तारखेच्या नावाची फाइल तयार होते. मध्यंतरी कोणीतरी सुरक्षेसाठी डेटाबेसचा पासवर्ड बदलतो आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जुनाच राहतो. डंप पहिल्याच पावलावर अडते. जीझिपला काहीच मिळत नाही, पण ‘काहीच नाही’ तेही ते इमानाने आवळून ठेवते. जीझिप यशस्वी झाले म्हणून स्क्रिप्टही यशस्वी ठरते. फाइलींची यादी काढली, तर तारखा एकाखाली एक शिस्तीत दिसतात, एकही रात्र चुकलेली नसते, आणि आकाराच्या रकान्यात प्रत्येकीसमोर २० असतो. वीस बाइट हा रिकाम्या जीझिप फाइलचा आकार आहे. जुन्या फाइली महिन्याने आपोआप पुसण्याची व्यवस्था केलेली असेल, तर महिन्यानंतर शेवटची भरलेली प्रतही गेलेली असते. स्क्रिप्टच्या डोक्यावर पाइपफेलची ओळ (पाइपमधली एक जरी आज्ञा फसली तरी सगळा पाइप फसला असे धरणारी) घालावी, फाइल ठरावीक आकारापेक्षा लहान निघाल्यास जुनी पुसू नये, आणि डंपच्या शेवटी ‘डंप कम्प्लीटेड’ ही ओळ आली आहे का ते तपासावे. हे तिन्ही करावे आणि तरीही फाइल उतरवून पाहावी.

हे फक्त छोट्यांच्या बाबतीत घडते असे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला आणि नंतर लक्षात आले, की नेहमीचे बॅकअप तयारच होत नव्हते: डेटाबेसची आवृत्ती एक आणि डंप घेणाऱ्या साधनाची दुसरी होती. अपयशाच्या सूचना ईमेलने निघत होत्या, पण डीमार्कच्या (ईमेल खऱ्या पाठवणाऱ्याचेच आहे का हे पाहणाऱ्या) तपासणीत त्या नाकारल्या जात होत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता, म्हणून निभावले. आपल्या व्हीपीएसवर तर अनेक कंपन्या ईमेलचा पंचविसावा पोर्ट मुळातच बंद ठेवतात, त्यामुळे सर्व्हरने पाठवलेली तक्रार सर्व्हरबाहेर पडतच नाही. म्हणून ‘बिघडल्यास कळव’ अशी व्यवस्था न ठेवता ‘ठीक झाल्यास रोज हजेरी दे, हजेरी आली नाही तर बाहेरची सेवा आम्हाला कळवील’ अशी ठेवावी.

आणि उतरवून पाहायचे म्हणजे काय, हेही स्पष्ट असावे. तासावर भाड्याने मिळणारा एक रिकामा सर्व्हर घ्यावा, ज्याने बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली नाही अशा माणसाला बसवावे, त्याच्या हाती फक्त कपाटातला कागद द्यावा आणि घड्याळ लावावे. पहिल्या खेपेस कुठे ना कुठे अडणारच. मायएसक्यूएल ८ चा डंप मारियाडीबी या तशाच डेटाबेसच्या अनेक आवृत्त्यांवर चढवताना कोलेशनचे (अक्षरांचा क्रम लावण्याच्या नियमाचे) नाव ओळखता येत नाही म्हणून काम मध्येच थांबते. अपलोडचे फोल्डर घेतलेलेच नसते. वेब सर्व्हरची रचना कोणी जपलेली नसते. मराठी संकेतस्थळासाठी आणखी एक परीक्षा आहे, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये ती क्वचितच सापडते. डेटाबेसच्या जुन्या टेबलांवर लॅटिन-वन (रोमन अक्षरे साठवण्याची पद्धत) असे लिहिलेले असते आणि आत यूटीएफ-८ (सर्व लिप्या साठवण्याची पद्धत) मधली देवनागरी बसलेली असते. जुन्या सर्व्हरवर दोन्ही चुका एकमेकींना सांभाळून घेतात आणि पान नीट दिसते. नव्या ठिकाणी उतरवले, की ग्रंथसूचीत ‘ज्ञानेश्वरी’च्या जागी टोप्या आणि टिंबे लावलेल्या रोमन अक्षरांची माळ येते. ती बहुधा दुरुस्त करता येते. प्रश्नचिन्हांची रांगच टेबलात साठली असेल, तर त्या प्रतीतून मूळ मजकूर गेला असे समजावे. म्हणून केवळ मुखपृष्ठ उघडले यावर समाधान मानू नये; दहा वर्षांपूर्वीची नोंद काढावी, ‘ऱ्या’, ‘ळ’ आणि जोडाक्षरे असलेली शीर्षके शोधून पाहावीत, आणि देवनागरी नावांच्या पीडीएफ फाइली उघडतात का ते पाहावे, कारण झिप करून हलवताना ही नावे विस्कटण्याची शक्यता असते; त्या हलवण्यासाठी टार किंवा आरसिंक ही साधने वापरावीत. सर्व टेबले यूटीएफ-८-एमबी-४ या चार बाइटांच्या प्रकारात असावीत. तीन बाइटांच्या जुन्या प्रकारात देवनागरी मावते, पण अभिप्रायात कोणी इमोजी टाकला की नोंद अडते.

किती वेळ लागला तो कागदावर लिहावा. ‘किती तासांत उभे करणार’ या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. दर तिमाहीला पुन्हा करावे, आणि ‘गेल्या वेळी झाले होते’ हे कारण ऐकून घेऊ नये; पासवर्ड मध्येच बदलतात.

हलवण्याच्या दिवसाचे थोडक्यात. आदल्या दिवशी डीएनएसचा (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे त्या नोंदी इतरांनी लक्षात ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणावा. नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलत असाल, तर जुन्या सगळ्या नोंदी, विशेषतः ईमेलसाठीच्या एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएम, आधी टिपून घ्याव्यात; संकेतस्थळ सुरू आणि संस्थेचे ईमेल बंद अशी फजिती इथेच होते. जुन्या ठिकाणी नोंदी करणे थांबवून मगच शेवटचा डंप घ्यावा. प्रवेशप्रक्रियेच्या किंवा वार्षिक सभेच्या आठवड्यात हे काम काढू नये. शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच.

नंतरची देखभाल. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत सुरक्षा-प्रमाणपत्रे (संकेतस्थळाच्या एचटीटीपीएससाठीची) ९० दिवसांची किंवा त्याहून कमी मुदतीची असतात, आणि मुदत संपण्याची ईमेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केली आहेत. नूतनीकरण आपोआप होते का ते एकदा कोरडे (प्रत्यक्ष बदल न करता, चाचणीपुरते) चालवून पाहावे आणि मुदतीवर बाहेरून लक्ष ठेवावे. पुढे हे हाताने करणे शक्यच राहणार नाही, मार्च २०२९ पासून ब्राउझर मान्य करतात अशा कोणत्याही प्रमाणपत्राची कमाल मुदत ४७ दिवस होणार आहे. डिस्क भरली की डेटाबेस थांबतो. ८० टक्क्यांवर सूचना लावावी, आणि जागा शिल्लक दिसत असूनही फाइली बनत नसतील तर आयनोड (डिस्कवर फाइलींच्या नोंदींसाठी असलेल्या मोजक्या जागा) पाहावेत. लॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस ठेवावेत आणि घुसखोरी झाल्यास सहा तासांत कळवावे, असे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश सांगतात. कळवण्याचा पत्ता त्याच कागदावर असावा. सोडून गेलेल्या माणसांच्या एसएसएचच्या की सर्व्हरवरून काढाव्यात. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) अपडेटनंतर सर्व्हर पुन्हा सुरू करावा, महिनोन्‌महिने तसाच ठेवून ‘कधी बंद पडला नाही’ म्हणून मिरवू नये.

जुने होस्टिंग लगेच रद्द करू नये. महिनाभर तसेच राहू द्यावे, कोणते ईमेल खाते, कोणता सबडोमेन अजून तिकडे बोट दाखवतो ते लॉगमध्ये पाहावे, आणि नव्या सर्व्हरचा बॅकअप एकदा तिसऱ्याच यंत्रावर उतरवून झाल्यावर रद्द करण्याचा अर्ज द्यावा.