माल देण्याआधी व्यापाऱ्याचा परवाना कसा तपासावा

पहिली गोष्ट, माल कुठे विकताय ते बघा. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्यानुसार बाजार समितीच्या आवारात व्यापारी, अडते (कमिशनवर माल विकून देणारे), मापाडी, हमाल अशा सगळ्यांना समितीचा परवाना लागतो. फळे-भाजीपाला मात्र २०१६ पासून आवाराबाहेर नियमनमुक्त आहे. म्हणजे बांधावर द्राक्षं घेणाऱ्याकडे परवाना नसला तरी चालतं. गिऱ्हाईक वाढलं हे खरं. पण गाडी भरून गेल्यावर त्याचा फोन बंद लागला, तर समिती हात वर करते.

आवारात विकत असाल तर परवान्यावरचं नाव आणि मुदत वाचा. गाळ्यावर पाटी एकाची आणि परवाना दुसऱ्याचा, असंही चालतं. शंका आली तर थेट समितीच्या कार्यालयात विचारा: नूतनीकरण झालंय का, अनामत किंवा बँक हमी किती, आधीच्या तक्रारी आहेत का? व्यापारी पुढे पैसे बुडवून पळाला, तर समितीच्या हाती ती हमीच असते. लाखभराच्या हमीवर कोटीची खरेदी होत असेल, तर परवाना नुसता भिंतीवर टांगण्यापुरता.

मग हिशोबपट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब लिहिलेली पावती. इथे घाई करू नका. छापील पट्टीच घ्या. कोऱ्या चिठ्ठीवरचा आकडा पुढे कोणी मानत नाही. वजन, भाव, हमाली, तोलाई असं ओळीने वाचा. फळे-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, २०१६ पासून खरेदीदाराने द्यायची आहे. तुमच्या पट्टीतून कापली असेल तर तिथेच हटका. ‘रोख पाहिजे तर दोन टक्के कमी’ हेही ऐकून घेऊ नका.

परवान्यामुळे भाव मिळेल, असं मात्र समजू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात परवानाधारक व्यापाऱ्यांनीच कांद्याचे लिलाव बंद ठेवले. खरेदीदार मोजकेच असले की असं होतं.

बांधावर विकताना समितीचं काम तुम्हालाच करावं लागतं. व्यापाऱ्याचं आधार, पॅन, ओळखीचा स्थानिक जामीन, गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो, आणि जमलं तर गाडी हलायच्या आधी पैसे खात्यावर.

आवारातल्या विक्रीचे पैसे थकले तर समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. ‘पुढच्या आठवड्यात नक्की देतो’ म्हणत व्यापारी नेमके हेच दिवस घालवतो.