बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार सुरात कशी ठेवायची

नवीन तारा लावल्या की प्रत्येक तार हलक्या हाताने ओढून परत ट्यून करा, असं तीनचारदा, नाहीतर दुसऱ्याच गाण्यात सगळं उतरतं. बारा तारा म्हणजे सहा जोड्या; जोडीतली एक तार बोटाने गप्प करून दुसरी सुरात लावायची, दोन्ही वाजल्या की ट्यूनर गोंधळतो. ई ए डी जी या जाड जोड्यांमधली बारीक तार एक सप्तक वर, पण बी आणि वरच्या ईच्या जोड्या सेम सुराच्या, तिथे ट्यूनरपेक्षा कान बरा, दोन्ही एकत्र छेडून ती डुलणारी लहर थांबेपर्यंत पेग (तार ताणायची खुंटी) फिरवत राहा. सूर कायम खालून वर चढवत या. जीची बारीक तार सगळ्यात जास्त तुटते, स्पेअर ठेवाच! नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत, टुक आवाज येतोय? खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. आणि हो, रिकनबॅकर कंपनीच्या गिटारवर वरून खाली छेडताना जोडीतली जाड तार आधी लागते, बाकी बहुतेकांवर बारीक.